रोजच्या प्रार्थनेची घडी: बसते कशी, मोडते कुठे

गोदाकाठ (पैठण) | सोमवार, १२ सप्टेंबर, रात्री ९:१०

जय ख्रिस्त. नुकतंच दृढीकरण (मंडळीत पूर्ण सभासद म्हणून घेण्याचा विधी) झालेल्या आणि नोकरीधंद्याच्या पहिल्या दोनतीन वर्षांत असलेल्या मुलामुलींच्या हातात देता येईल असा रोजच्या प्रार्थनेचा एकपानी आराखडा करतोय. "प्रार्थनेत राहा" हे दर रविवारी सांगून होतं, पण सकाळी चटईवर बसल्यावर पहिल्या मिनिटाला करायचं काय, हे कोणी सांगत नाही. मग पोरगं दोन मिनिटं डोळे मिटतं, घरच्यांची नावं घेतं, आमेन म्हणतं, आणि पंधरवड्यात तेही सुटतं. कच्चा खर्डा खाली आहे. बिनधास्त झोडपा.

एकूण वेळ २० मिनिटं. सकाळी १५, रात्री ५. सुरुवातीला याच्यावर जायचंच नाही. पहिल्या दिवशी तासभर बसणारा दहाव्या दिवशी सापडत नाही.

सकाळचं पहिलं मिनिट गप्प. काही मागायचं नाही, काही म्हणायचं नाही. मग बायबलातल्या १५० स्तोत्रांपैकी एक, ओठ हलवून, कानाला ऐकू येईल असं. मनातल्या मनात वाचलं की डोळे ओळीवर राहतात आणि मन मोंढ्यात जाऊन येतं. त्यानंतर शुभवर्तमानातली (मत्तय, मार्क, लूक, योहान यांनी लिहिलेल्या येशूच्या चरित्रांतली) ८-१० वचनं. मार्कपासून धरावं, सगळ्यांत आटोपशीर तेच आहे. या गतीने अडीच महिन्यांत होतं. एक शब्द किंवा वाक्य धरून ठेवायचं, बाकी सोडून द्यायचं.

मग प्रभूची प्रार्थना, येशूने शिष्यांना शिकवलेली, पण एका दमात नाही. हा आराखड्याचा कणा, म्हणून थोडं फोडून लिहितो. प्रत्येक मागणीपाशी थांबायचं आणि तिच्यात आजचा दिवस ठेवायचा. "तुझे नाव पवित्र मानले जावो" इथे उपकारस्तुती, कालच्या दिवसातली एक नेमकी गोष्ट घेऊन. "तुझे राज्य येवो" इथे गाव, मंडळी, शाळा, दवाखाना. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" इथे आज घ्यायचा एक निर्णय. "रोजची भाकर" इथे पगार, पाऊस, आईच्या गोळ्या, जे काही असेल ते. लाजायचं नाही, भाकर मागायला त्यानेच सांगितलंय. मग "ऋणे". लूकच्या पाठात इथे पाप हा शब्द आहे, मत्तयात ऋण. सोसायटीचं कर्ज आणि सावकाराची वही माहीत असलेल्या मुलखात मत्तयाचा शब्द जास्त लागतो. इथे माणसाचं नाव घ्यायचं: कोणाचं काय माझ्याकडे येणं आहे असं मी मनात धरून बसलोय? प्रार्थना संपल्याबरोबर मत्तय ६ च्या १४ आणि १५ व्या वचनांत प्रभू याच एका मागणीवर परत येतो, बाकीच्यांवर नाही. शेवटी "परीक्षेत आणू नकोस" इथे आजची घसरण्याची जागा: कुठली वेळ, कुठला माणूस, मोबाइलवरचं काय.

याला सहासात मिनिटं लागतात. उरलेल्या वेळात, ज्यांच्यासाठी मागायचं त्यांच्या यादीतली ५ नावं.

रात्री ५ मिनिटं दिवसाची उजळणी. आभार, मग सकाळपासून आत्तापर्यंतचा दिवस तासातासाने डोळ्यांसमोरून, जिथे चुकलं तिथे कबुली, उद्यासाठी एक मागणी. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोला यांनी १६व्या शतकात घालून दिलेल्या पाच पायऱ्यांचं हे सुटसुटीत रूप. पलंगावर आडवं होऊन करायचं नाही. दुसऱ्या पायरीलाच घोरणं सुरू होतं.

कुठे मोडेल ते सांगा.

दुसरी_पाळी (वाळूज) | सोमवार, रात्री ९:४८

पहिल्याच शब्दावर मोडेल: "सकाळी". एमआयडीसीत पाळी दर आठवड्याला फिरते. ७ ते ३, ३ ते ११, ११ ते ७. पहाटे साडेपाचला बसायची सवय सोमवारी लावली की पुढच्या सोमवारी त्या वेळेला माणूस मशीनवर उभा असतो. तीन आठवड्यांत तीन सवयी लागत नाहीत, म्हणून एकही लागत नाही.

घड्याळाला बांधू नका, झोपेला बांधा. झोपून उठल्यावरची पहिली बैठक म्हणजे सकाळ, मग घड्याळात दुपारचे दोन का वाजेनात. झोपायच्या आधीची बैठक म्हणजे रात्र. क्रम असा बसतो: उठणं, तोंड धुणं, प्रार्थना, मग चहा. चहाच्या आधीच. चहा झाला की मोबाइल हातात येतो आणि पुढे सगळं वाहून जातं.

रात्रपाळीसाठी स्तोत्रंही निराळी घ्यावीत. दुपारी दोनला उठलेल्याला पहाटेचं गीत कशाला. १३४ हे तीनच वचनांचं आहे आणि ते रात्री मंदिरात उभं राहणाऱ्या सेवकांसाठीच आहे. १२१ राखणाऱ्याला झोप नाही असं सांगतं. १३० मध्ये पहाटेची वाट बघणारे पहारेकरी आहेत. ही तिन्ही पाठ करून ठेवली तर तीनच्या ब्रेकला पुस्तकाची गरज नाही.

निशिगंध (जालना) | सोमवार, रात्री १०:२०

दुसरी_पाळी दादांना +१. आता दुसरी अडचण. मत्तय ६:६, खोलीत जा आणि दार लावून घे. इथे खोली एकच, पत्र्याची, आणि त्यात सासूबाई, दोन लेकरं, टीव्ही. दार लावलं तर सगळे आतच.

अशा घरात दाराचं काम ओढणी किंवा पदर करतो. पदर डोक्यावरून पुढे ओढून भिंतीकडे तोंड करून बसलं की घरातलं लेकरूसुद्धा आठवड्याभरात शिकतं की आत्ता हाक मारायची नाही. जागा मात्र रोज तीच हवी. तोच कोपरा, तीच सतरंजी, शास्त्र (बायबल) त्याच फळीवर. जागा बदलली की पहिली पाच मिनिटं बसण्यातच जातात. कोपऱ्यात चार्जिंगचा बोर्ड नको, ही बारीक गोष्ट लिहून ठेवा. मोबाइल चार्जिंगला लावायला येणारं प्रत्येक माणूस तिथे दोन वाक्यं बोलून जातं.

घरात बाकीचे ख्रिस्ती नसतील तर मोठ्याने वाचायचा हट्ट सोडावा. ओठ हलवून, आवाज न काढता. शमुवेलाची आई हन्ना अशीच प्रार्थना करत होती.

आणि वेळेबद्दल: बायकांची सकाळ १५ मिनिटं सलग मिळत नाही. नळाला पाणी कधी येईल त्यावर सगळं. मग ५-५-५ करा. स्तोत्र उठल्यावर, वचन डबे गेल्यावर, प्रभूची प्रार्थना दुपारच्या भांड्यांनंतर. दिवसातून तीनदा ही काही कमी प्रतीची सोय नाही. दानीएल तीनदा गुडघे टेकत होता, ५५व्या स्तोत्रात संध्याकाळ, सकाळ, दुपार आहे, आणि अगदी सुरुवातीच्या मंडळीच्या दिदाखे या शिकवणुकीच्या पुस्तिकेत प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा असं स्पष्ट सांगितलंय.

जागरण_नांदेड | मंगळवार, सकाळी ६:०५

प्रभूची स्तुती असो. आराखडा चांगला, पण यात आत्म्याला जागा कुठे ठेवली? पहिलं मिनिट हे, चौथं मिनिट ते. लिहिलेल्या प्रार्थना, ठरलेली स्तोत्रं, हे सगळं ओठांचं काम होऊन बसतं. रोमकरांस ८:२६ वाचा, आम्ही काय मागावं हे आम्हाला कळत नाही, आत्मा मध्यस्थी करतो. आणि व्यर्थ बडबड करू नका हे मत्तय ६:७ मध्येच आहे, तुमच्या आवडत्या प्रार्थनेच्या दोनच वचनं आधी.

आपल्या शब्दांत प्रार्थना करायला शिकवा. मध्यस्थीला, म्हणजे दुसऱ्यांसाठीच्या प्रार्थनेला, एक तास हा नियम तरुणांना जमतो, जमवून घ्यावा लागतो.

जुनी_प्रत (छ. संभाजीनगर) | मंगळवार, सकाळी ८:३०

वधस्तंभावर प्रभूने जे शब्द उच्चारले त्यात २२व्या स्तोत्राचं पहिलं वचन आहे आणि ३१व्याचं पाचवं आहे. प्राण जाताना तोंडात आलं ते पाठ केलेलं होतं. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली असं मत्तय २६:४४ सांगतं. १३६व्या स्तोत्रात एकच ध्रुपद २६ वेळा येतं. व्यर्थ बडबड म्हणजे पुनरुक्ती नव्हे. शब्दसंख्येवर देव वश होतो असं समजणं ही बडबड, आणि ती स्वतःच्या शब्दांत एक तासही करता येते.

उत्स्फूर्त प्रार्थना काही दिवस कान देऊन ऐकावी. "प्रभू" हा शब्द दर चौथ्या शब्दाला, तीच पाच वाक्यं, त्याच क्रमाने. तीही पाठच असते, फक्त कोणी लिहून दिलेली नसते. आणि स्तोत्रांइतकी चांगली नसते.

गोदाकाठ (पैठण) | मंगळवार, सकाळी ९:१५

भांडण नको, दोन्ही लागतं. जागरण दादांचा मुद्दा मी असा घेतो: प्रत्येक मागणीपाशी थांबायचं ते स्वतःच्या शब्दांसाठीच. चौकट लिहिलेली, आतला मजकूर आजचा. जुनी_प्रत, स्तोत्रं कशी लावायची ते सांगाल का? पहिल्यापासून ओळीने घेतली तर ११९ला सगळे गळतात.

बालाघाट (धारूर) | मंगळवार, दुपारी १:४०

सलाम. वही, शास्त्र, कोपरा, फळी हे समदं ठीक. आता दसरा-दिवाळी झाली की इकडल्या गाड्या निघतेत ऊसतोडीला, साखर कारखान्याकडं. मार्च-एप्रिलपस्तोर माणूस कोपीत (फडाजवळच्या झोपडीत). रातच्याला ट्रक कवा येईल नेम नाही, फडात अंधारात उतरावं लागतं, मोळ्या बांधून भरून देऊ लागेपर्यंत दिवस उगवतो. तिथं कुठलं मिनिट पहिलं अन् कुठलं पंधरावं?

तेवढ्यासाठी वेगळं पान करा. हातात काहीच धरायचं नाही असं. पाठ तीनच गोष्टी: प्रभूची प्रार्थना, २३वं स्तोत्र, अन् लहान हाक, "प्रभू येशू ख्रिस्ता, माझ्यावर दया कर". कोपीतून भाईर पडताना प्रभूची प्रार्थना. भाकर खायला बसल्यावर २३वं. सहाच वचनं आहेत, भाकर थंड होत नाही. मधी हाक. कोयत्याच्या हातासंगं ती आपोआप बसती. हात उगारताना पहिला भाग, खाली येताना दुसरा. कापूस वेचताना बी बसती, तिथं बोंडाला बोंड.

जाण्याआधीच्या महिन्यात पाठ करून घ्यावं लागतं. फडात गेल्यावर पाठ होत नाही, थकवा लई असतो. रोज एक वचन, आधीची समदी म्हणून मग नवं. २३वं असं आठवड्यात बसतं. लेकरांकडून मोठ्या माणसांना शिकवून घेतलं तर अजून लवकर.

निशिगंध (जालना) | मंगळवार, दुपारी ३:१०

बालाघाट भाऊ, हे पान आराखड्यापेक्षा भारी आहे. त्या हाकेबद्दल: पूर्वेकडच्या (ऑर्थोडॉक्स) मंडळ्यांमध्ये ती शतकानुशतकं चालत आलीय, आणि मुळं शुभवर्तमानातच आहेत. लूक १८ मधला जकातदार आणि यरीहोच्या वाटेवरचा आंधळा, दोघांच्या तोंडचे शब्द जोडले की ही हाक होते. श्वास ओढूनताणून तिच्याशी जुळवू नये, चक्कर येते. आपल्या गतीने येईल तशी. आणि मोजायची नाही. मोजायला लागलं की आकड्याचं समाधान सुरू होतं.

जपमाळ म्हणणाऱ्यांना मात्र मोजणं लागतं, म्हणून माळ. मण्यांवर मोजणी सोडून दिली की मन रहस्याकडे, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातल्या प्रसंगाकडे, लावायला मोकळं, हाच माळेचा उपयोग. पाच दशकांना, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच गटांना, १५ ते २० मिनिटं पुरतात. सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची आणि गुरुवारी प्रकाशाची रहस्यं, ही शेवटची २००२ मध्ये संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी घातलेली. नेहमीची चूक: दहा "नमो मरिया" धावत म्हणून रहस्याचं नाव तेवढं सांगणं. प्रत्येक दशकाआधी त्या प्रसंगाची दोन-तीन वचनं वाचा, गती आपोआप उतरते. २० मिनिटं नाहीत तर एकच दशक म्हणा, पण नीट.

जुनी_प्रत (छ. संभाजीनगर) | मंगळवार, रात्री ८:५५

स्तोत्रांचं. तीन रीती आहेत, कुवतीप्रमाणे घ्या.

जड रीत अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाची. १५० स्तोत्रं ३० दिवसांत, सकाळ-संध्याकाळ. पहिल्या तारखेला सकाळी १ ते ५, संध्याकाळी ६ ते ८, आणि असंच पुढे. ३१ तारखेला ३०चीच परत. रोजची २०-२५ मिनिटं स्तोत्रांनाच जातात. निवृत्त माणसांना आणि पाळकांना जमते.

मधली रीत कॅथलिक प्रार्थनाविधीची, चार आठवड्यांची फेरी. ती पुस्तकाशिवाय चालवणं कठीण.

हलकी रीत तारखेची, नवशिक्यांना हीच द्यावी. १५० भागिले ३० म्हणजे ५. पहिल्या महिन्यात तारीख तेच स्तोत्र. दुसऱ्या महिन्यात तारखेत ३० मिळवा, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ९०, पाचव्यात १२०. पाच महिन्यांत सगळी होतात, रोज एकच, खूणकागद हरवला तरी बिघडत नाही. जानेवारीपासून धरलं तर सप्टेंबर हा दुसऱ्या फेरीतला चौथा महिना, म्हणून काल १२ तारखेला १०२वं होतं आणि आज १०३वं. काल पीडिताचं गाऱ्हाणं, आज उपकारस्तुती. आपल्या मनाची स्थिती उलटी असली तरी तारीख पाळायची, यातच या रीतीचा फायदा आहे. आवडीची निवडत बसलं की माणूस २३, ९१, १२१ याच तीन खोल्यांत आयुष्य काढतो.

११९ची १७६ वचनं, आठ-आठची २२ कडवी. चौथ्या महिन्याच्या २९ तारखेला ते येतं. त्या दिवशी पहिलं कडवं म्हणायचं आणि उरलेली २१ प्रत्येक ३१ तारखेला एकेक.

शाप देणारी स्तोत्रं, ५८, १०९, १३७चा शेवट, नवशिक्यांना अडतात. गाळू नका, तिथे एक गोष्ट करा: ज्याच्यावर तो राग आहे त्याच्याऐवजी स्वतःच्या आतल्या कुठल्या गोष्टीचा नायनाट हवाय ते ठेवा. आणि ज्याच्यावर खरंच अन्याय झालाय त्याला ती जशीच्या तशी म्हणू द्या. राग देवापुढे ओतलेला बरा. ८८वं तर अंधारातच संपतं, उजेड येतच नाही. तरी ते शास्त्रात आहे. ज्या दिवशी काही गोड म्हणवत नाही त्या दिवसासाठी ते ठेवलंय.

दुसरी_पाळी (वाळूज) | मंगळवार, रात्री ११:३५

वाचनखूण साठवली. ब्रेकमध्ये एवढंच.

जागरण_नांदेड | बुधवार, सकाळी ५:५०

जुनी_प्रत यांचं वधस्तंभाचं उदाहरण मान्य. तरी म्हणेन की स्वतःच्या शब्दांचा सराव वेगळा करावा लागतो, नाहीतर आजाऱ्याच्या खाटेपाशी उभं राहिल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही. सोपी तालीम: आज वाचलेल्या वचनातलं एक क्रियापद घ्या आणि त्यावर तीन वाक्यं उच्चारून बोला. एक आभाराचं, एक कबुलीचं, एक मागणीचं. तीनच. महिनाभर. त्यानंतर दुसऱ्यासाठी प्रार्थना करताना अडत नाही.

उपवासावर कोणी लिहिलं नाही. शुक्रवारी एक जेवण सोडा, तो वेळ मध्यस्थीला द्या. सुरुवात दुपारच्या जेवणापासून, सबंध दिवसापासून नाही. सोडलेल्या जेवणाचे पैसे बाजूला काढा, महिनाअखेर कोणाच्या तरी घरी धान्य जाऊ द्या. आणि ज्याने उपवास केला त्याने तो सांगू नये, मत्तय ६:१६.

निशिगंध (जालना) | बुधवार, सकाळी ९:४०

पाणी सोडू नका हे त्यात घाला. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४० च्या वर असतो, निर्जळी उपवास करून उन्हात काम म्हणजे दवाखाना. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, आम्लपित्ताचे रोगी, यांनी जेवण सोडायचंच नाही. मोबाइल, टीव्ही किंवा चहा सोडा. कॅथलिक मंडळीत राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि शुभ शुक्रवार, हे दोनच दिवस उपवास बंधनाचे, तेही १८ ते ५९ वयाला. मंडळीच एवढी सांभाळून घेते तर आपण कशाला कडक व्हायचं.

घरातल्या सगळ्यांच्या प्रार्थनेबद्दलही लिहिते. १२ मिनिटं, जेवणाची ताटं वाढायच्या आधी. जेवणानंतर नको, लेकरं पेंगतात. एका गीताची दोन कडवी. एक स्तोत्र, एक वचन एकाने, पुढचं सगळ्यांनी. शुभवर्तमानातली सहासात वचनं, वाचणारा रोज वेगळा, वाचता येऊ लागलेलं लेकरूही. प्रत्येकाचं एक वाक्य आभाराचं, एक मागणीचं. प्रभूची प्रार्थना. संपलं.

ही प्रार्थना नेहमी एकाच ठिकाणी मोडते: घरातला कर्ता माणूस प्रार्थनेतून टोमणे मारतो. "प्रभू, या घरातल्या काही जणांना अभ्यासाची बुद्धी दे." लेकराला कळतं ते कोणाला आहे. त्या दिवसापासून त्याला प्रार्थनेची वेळ झाली की पोट दुखायला लागतं. मागणी दुसऱ्यांसाठी करायची असेल तर त्यांना आधी विचारा, "तुझ्यासाठी काय मागू?" आणि तेवढंच मागा.

गोदाकाठ (पैठण) | बुधवार, दुपारी १२:२०

ताई, हे शब्दशः घेतो.

यादीचं पान असं केलंय, बघा. शंभर पानी वहीची सात पानं, प्रत्येकावर वार. पानावर उभी रेघ मारून दोन रकाने. डावीकडे नाव आणि लिहिल्याची तारीख, उजवा कोरा. एका पानावर पाचच नावं, म्हणजे आठवड्याला ३५. उजव्या रकान्यात उत्तर मिळालं तर तारीख, आणि मिळालं नाही तरी काही बदललं असेल तर तीन-चार शब्द. "ताप उतरला." "बोलायला लागला." दर तीन महिन्यांनी सातही पानं नव्याने लिहायची, तेव्हा कोणाला पुढे न्यायचं ते ठरवायचं.

पाच ही मर्यादा मुद्दाम. यादी फुगली की हजेरी होते. शंभर नावं वाचून झाली आणि एकाचाही चेहरा डोळ्यांसमोर आला नाही, असं होतं.

बालाघाट (धारूर) | बुधवार, दुपारी २:०५

वहीत फक्त नाव लिवा, भानगड लिवू नका. वही कोणाच्या बी हाती लागती. अन् व्हॉट्सॲपच्या प्रार्थना ग्रुपवर तर लईच जपून. "अमक्याच्या सुनेसाठी प्रार्थना करा, माहेरी निघून गेलीय" असं टाकलं की प्रार्थना दोघं करतेत अन् चर्चा सारा तालुका. "एका कुटुंबासाठी" एवढं बास. देवाला पत्ता ठावं हाय.

दुसरी_पाळी (वाळूज) | बुधवार, रात्री ११:४०

सुटलेल्या दिवसांचं काय करायचं तेही पानावर हवं. मला वाटतं सगळ्यांत जास्त लोक इथेच बाद होतात. चार दिवस सुटलं की पाचव्या दिवशी चार दिवसांची स्तोत्रं भरून काढायला बसतात, जमत नाही, मग लाजेने महिनाभर पुस्तकाला हात लावत नाहीत.

थकबाकी भरायची नाही. आजची तारीख, आजचं स्तोत्र, बस. आणि फार वाईट दिवसासाठी किमान ठरवून ठेवावं: उभ्या उभ्या प्रभूची प्रार्थना एकदा, ३० सेकंद. ते झालं तर दिवस सुटला असं धरायचं नाही.

जुनी_प्रत (छ. संभाजीनगर) | गुरुवार, सकाळी ७:५०

सहमत. आणखी एक पाटी लावा: मन लागत नाही म्हणून पद्धत बदलू नका. किमान ४० दिवस एकच. दर आठवड्याला नवं ॲप, नवं वाचनवेळापत्रक, हा पळून जाण्याचाच प्रकार. अनुवादही पाठांतरासाठी एकच धरा. अर्थासाठी सोपा अनुवाद शेजारी ठेवायला हरकत नाही, पण दोन्हींतून पाठ केलं की तोंडात खिचडी होते. आणि शास्त्र छापील. मोबाइलवरचं वाचताना वरून पट्टी सरकते, "बँक खाते" म्हणून, आणि ७३वं स्तोत्र तिथेच संपतं.

मन कोरडं पडलं तर आधी साध्या गोष्टी तपासा. झोप किती? कोणाशी अबोला आहे का? मत्तय ५:२३ प्रमाणे अर्पण तिथेच ठेवून आधी त्या माणसाकडे जायचं आहे. कित्येकदा कोरड तिथली असते. यातलं काही नसेल तर कोरडी स्तोत्रं घ्या, ६३वं निर्जल भूमीतलंच आहे.

निशिगंध (जालना) | गुरुवार, सकाळी १०:१५

त्याला जोडून, आणि हे ठळक अक्षरात छापा. दोन आठवड्यांच्या वर झोप नाही, जेवण नाही, कशातच रस नाही, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात, तर तो कोरडेपणा नव्हे, आजार आहे. "विश्वास कमी पडतोय" असं त्या माणसाला कोणी म्हणू नये. सोबत डॉक्टरकडे जावं; सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर चोवीस तास फुकट आहे, मराठीतही बोलतात. प्रार्थना चालू राहू द्या, पण त्याची प्रार्थना तेवढे दिवस दुसऱ्यांनी करावी. शुभवर्तमानात पक्षाघात झालेल्याला चौघांनी येशूकडे उचलून आणलं होतं, तो स्वतः चालत आला नव्हता.

जागरण_नांदेड | गुरुवार, सकाळी १०:४०

आमेन. याला पूर्ण अनुमोदन.

गोदाकाठ (पैठण) | गुरुवार, रात्री ८:३०

दोन पानं झाली. एक बसून करणाऱ्यांचं, एक बालाघाट भाऊंचं, हातात काही न धरणाऱ्यांचं. "सकाळ" काढून "उठल्यावर" केलं. जुनी_प्रत, तारखेच्या रीतीत एक घोळ दिसतोय. जानेवारीत १ पासून धरलं तर फेब्रुवारी २८ दिवसांचा. ५९ आणि ६० राहून जातात.

जुनी_प्रत (छ. संभाजीनगर) | गुरुवार, रात्री ९:०५

राहतात, पण जुलैत सापडतात. दुसरी फेरी जूनला सुरू होते, २९ आणि ३० जुलैला तीच दोन येतात. खरा घोळ पुढे आहे. वर्ष संपताना तिसरी फेरी अर्धवट असते, ३० डिसेंबरला ६०वं. नव्या वर्षाच्या उत्साहात १ जानेवारीला लोक पुन्हा पहिल्या स्तोत्रावर जातात, त्यामुळे पहिली साठेक दरवर्षी तीनदा होतात आणि नंतरची दोनदाच. जानेवारीत ६१ पासून चालू ठेवा असं पानावर लिहा.

दुसरी_पाळी (वाळूज) | गुरुवार, रात्री ११:३८

आणि ११९? वर्षात ३१ तारखा सातच. २१ कडवी म्हणजे तीन वर्षं?

जुनी_प्रत (छ. संभाजीनगर) | शुक्रवार, सकाळी ६:१०

बरोब्बर तीन. शिल्लक शून्य.

बालाघाट (धारूर) | शुक्रवार, सकाळी ६:२५

आज १६ म्हणजे १०६ ना? ४८ वचनं हायेत. चहा ठेवून बसतो.